मोहरावरची हिरवी माशी

आमच्या चाळीतला आंबा मासे खाऊन वाढलाय, असं मी शाळेत सांगायचे आणि मुली हसायच्या. मग मी चिडून आणखी सांगत सुटायचे. बांगड्याचे कल्ले, कोळंबीची सालं, सुरमईची आतडी, सगळं माझी आई त्याला बांधते. त्या नाक धरून दाखवायच्या. पुढे मी सांगायचं बंद केलं. लाज वाटायला लागली होती. आज हे लिहिताना राग येतो तो त्या मुलींचा नाही. लाज वाटायला किती कमी कारण लागतं आणि एकदा वाटली की माणूस काय काय करून बसतो, याचा येतो. माझ्या हातून जे झालं ते त्या लाजेतूनच झालं. मला ते नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, पण कुणीतरी लिहून ठेवायला हवं आणि घरात लिहिणारी मी एकटीच आहे.

डिलाईल रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत आमची चाळ. तळमजल्यावरची शेवटची खोली आमची. दारापासून चार पावलांवर आंबा, त्याच्यामागे जुन्या गिरणीची दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे, जिथे माझे आजोबा साचाखात्यात मागांपुढे उभे राहायचे तिथे, काचेचा टॉवर. बाबा त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन होते. सकाळी पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज, वरच्या मजल्यांवरून एकामागून एक सुरू होणारे मिक्सर, भिंतीपलीकडून टॉवरच्या जिममधलं धपधप वाजणारं गाणं, आणि या सगळ्यात मला आधी ऐकू यायचा तो आईचा कोयता दगडावर घासल्याचा आवाज. आई लालबागच्या मासळी बाजारात बसायची. मासे विकायला नाही; विकणारीच्या शेजारी फळी मांडून गिऱ्हाईकांचे मासे साफ करून द्यायला. कोयता पायाखाली धरून ती सुरमईच्या तुकड्या अशा पाडायची की गिऱ्हाईक पिशवी पुढे करायचं विसरायचं. दुपारी एकच्या सुमाराला ती घरी यायची आणि तिच्याबरोबर यायची एक जड पिशवी, साफसफाईत उरलेल्याची. त्यातली मोठी डोकी आमच्या कालवणात जायची. तिरफळं ठेचून घातलेलं ते डोक्यांचं कालवण आणि गरम भात मी अजूनही करते, पण माझ्या हातच्या कालवणाला तो वास येत नाही.

उरलेले कल्ले, आतडी, सालं एरवी कचऱ्यात. पण पौषात आंबा मोहरला की त्यातलं काही कचऱ्यात जायचं नाही. आईने जुन्या मच्छरदाणीच्या लहान लहान पिशव्या शिवून ठेवलेल्या होत्या. त्यांत ते भरून ती स्टुलावर चढायची आणि खालच्या फांद्यांना पिशव्या बांधायची. दोन दिवसांत वास सुटायचा आणि माश्या यायच्या. देवगडाकडे तिच्या माहेरी तिचे वडील दुसऱ्यांच्या कलमांची राखण करायचे, तिथे ती हे शिकली होती. "मोहराक माशी होयी," ती म्हणायची. "माशी नाय तर आंबो खयसून धरतलो?" आमचं झाड कलमाचं नव्हतं, आजोबांनी गावाहून आणलेल्या बाठीचं रायवळ होतं, आणि आई लग्न होऊन येईपर्यंत ते नुसतंच मोहरायचं. चाळीतल्या बायका तिला चिडवायच्या, "ही आली आणि आंब्याला दिवस गेले." चैत्रात प्रत्येक खोलीला कैऱ्या जायच्या. वरच्या मजल्यावरच्या कांबळे मावशी, ज्या पोस्टात काउंटरवर होत्या, त्या सगळ्या चाळीचं लोणचं एकट्या घालायच्या आणि बरण्या वाटताना पहिली आमच्याकडे आणायच्या. "तुझ्या माश्यांचा वाटा," असं म्हणायच्या आईला.

मी कॉलेजात गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा होता: आपल्या परिसरातलं फुलावर आलेलं एखादं फळझाड निवडा आणि त्याच्या फुलांवर कोणकोणते कीटक येतात, कधी येतात, किती वेळ बसतात, बसून काय करतात, ते नोंदवा. बाकीच्या मुली गावी जाऊन पेरू-डाळिंबं बघणार होत्या. माझं झाड दारात होतं. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी आहे.

सोमवार, गुरुवार आणि शनिवार बरेच लोक मासे खात नाहीत, म्हणून त्या दिवशी बाजार थंड असायचा आणि आई सकाळी घरी असायची. माझंही कॉलेज सोमवारी आणि गुरुवारी दुपारचं होतं. त्या सकाळी मी उलट्या बादलीवर बसायचे, मांडीवर कच्ची वही, शेजारी स्वयंपाकघरातलं घड्याळ. एक तुरा ठरवायचा आणि दहा मिनिटं त्याच्यावरून नजर हलवायची नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. आंब्याचं फूल तीळभर. एका तुऱ्यावर शेकड्यांनी फुलं, आणि त्यांतली बहुतेक नुसती नरफुलं. थोड्याच फुलांच्या मधोमध मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा मणी असतो. तो मणी म्हणजे उद्याचा आंबा, पण दुसऱ्या फुलाचा पराग त्याच्यापर्यंत कुणी आणून पोचवला तरच. मी मान खाली घालून लिहायला लागले की माश्या निसटायच्या. मग आई दारात बसून तांदूळ निवडता निवडता मला ओरडून सांगायला लागली.

"हिरवी. दोन."

"कुठे?"

"खालच्या तुऱ्यार. एक उडाली. लिव."

तिची नजर मासे साफ करून करून धारदार झालेली होती. तिने सगळ्या माश्यांना नावं ठेवली. पट्ट्यापट्ट्यांची, हवेत टांगल्यासारखी एका जागी थांबणारी ती हॅलिकॉप्टर. गिरणीच्या भिंतीच्या फटीत मेणाची बारीक नळी करून राहणारी, डंख नसलेली काळी चिमुकली मधमाशी ती मेणाची. आणि शेवाळी हिरव्या रंगाची, चकाकणारी, जी कचऱ्यावर बसते म्हणून सगळे जिला हाकलतात, ती हिरवी. मेणाची माशी ऊन चढल्यावर यायची, मागच्या पायांना पिवळे गोळे लावून निघून जायची. हॅलिकॉप्टर चोखंदळ होती, दोनतीन फुलांना तोंड लावायची आणि गायब. हिरवी मात्र सकाळी आठपासून असायची. ती उडायची कमी, चालायची जास्त. तोंड खाली करून तुऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फूल न फूल चाटत. तिच्या पोटाखालच्या केसांना पिवळी भुकटी लागलेली मला एका मैत्रिणीच्या भिंगातून स्पष्ट दिसली. पोट फुलांवर घासत ती पुढे जायची, मण्यांवरून, सगळ्यांवरून. मग पिशवीवर जाऊन बसायची, मग पुन्हा मोहरावर. नेहमीची मोठी मधमाशी आमच्या मोहरावर मी एकदाच पाहिली. तीही वाट चुकल्यासारखी. आईने हाक मारून सांगितलं होतं, "गो, ह्या बघ, पावणी इलीहा."

पक्क्या वहीत मी हे सगळं नीट उतरवून काढलं, तक्ता केला, आणि पिशव्यांबद्दलही लिहिलं. प्रकल्पाच्या मॅडमनी दोन पानं उलटली आणि थांबल्या.

"हे काय आहे? डस्टबिनवर बसते ती माशी?"

"हो मॅडम. तीच जास्त येते."

"ती मासळीच्या वासाला येते गं, फुलाला नाही. तूच लिहिलंयस पिशवी बांधतो म्हणून. पॉलिनेशनच्या चॅप्टरला चित्र कशाचं आहे?"

"मधमाशीचं."

"मग? बाहेरून एक्झामिनर येणार आहेत. असं वाचून हसतील ते. तुला ओळखता आलेली नाही, मधमाशीच असणार. दुरुस्त करून आण."

मी म्हणायला हवं होतं, मॅडम, वास पिशवीला येतो, मोहराला नाही; मग ती मोहरावर चालते कशाला? हे वाक्य मला जिन्यात सुचलं. मॅडमसमोर सुचली ती फक्त एक गोष्ट: माझ्या कपड्यांना मासळीचा वास येत असेल का. मी दोन पावलं मागे सरकले. आता मी स्वतः मुलांच्या वह्या तपासते, नव्वद वह्यांच्या ढिगापुढे बसलं की डोळे कसे होतात ते मला कळतं. म्हणून मॅडमना मी समजू शकते. माफ केलेलं नाही.

लायब्ररीत बसून मी व्हाइटनरने तक्त्यातली "हिरवी माशी" झाकली आणि वर "मधमाशी" लिहिलं. आईने ओरडून सांगितलेले आकडे तसेच राहिले, त्यांच्यावरचं नाव तेवढं बदललं. पिशव्यांचा परिच्छेद काढला. आणि निष्कर्षात एक वाक्य घातलं: घाणीवर बसणाऱ्या माश्यांचा मोहराला काहीही उपयोग नसून त्यांना दूर ठेवावे. हे वाक्य मॅडमनी सांगितलं नव्हतं. ते माझं. मला वाटलं त्याने वही जास्त शास्त्रीय दिसेल. वहीवर "उत्कृष्ट" असा शेरा आला.

चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी परब काका. आमच्यासारखेच कोकणातले, बुधवार-रविवार त्यांच्याकडे तळलेल्या बांगड्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. सत्यनारायणाच्या पूजेला त्यांनी मला नारळ आणि पेन दिलं, "आपल्या चाळीची सायंटिस्ट" म्हणाले, आणि प्रकल्पाचा मराठी सारांश मागून घेऊन नोटीस बोर्डाच्या काचेच्या पेटीत लावला. बाबा ड्युटीवर जाता-येता तिथे थांबायचे. आईला वाचता यायचं, पण सावकाश, बोट ठेवून. चारचौघांत काचेवर बोट ठेवून वाचायला ती लाजायची. ती नुसती लांबून त्या कागदाकडे बघायची आणि पदर सारखा करायची.

पुढच्या पौषात झाड चांगलं मोहरलं. आईने पिशव्या बांधल्या आणि आठवड्याभरात टॉवरमधून तक्रार आली. वास येतो, माश्या येतात. तक्रार बाबांच्याच हाती दिली गेली, की हे तुमच्याच चाळीला नेऊन द्या. बाबांनी तो कागद घरी आणला तेव्हा घडी दोन्ही हातांनी धरली होती. काकांनी रविवारी सकाळी अंगणात सगळ्यांना बोलावलं. आई बाजारातून लवकर उठून आली, हात धुवायलाही थांबली नाही.

"बघा, रीडेव्हलपमेंटचं बोलणं चाललंय," काका म्हणाले. "शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन चालणार नाही. हा मासळी बाजार बंद करायला हवा."

"अहो परब, आंबा धरायचा म्हणून बांधते ती," कांबळे मावशी म्हणाल्या. "कैऱ्या घेताना नाही वास आला तुम्हाला?"

"ते जुन्या बायकांचं काहीतरी असतं हो. मी माझ्या मनाचं नाही सांगत." काकांनी नोटीस बोर्डाची पेटी उघडली, कागद काढला आणि मोठ्याने वाचला. माझ्या नावासकट. मोहरावर मधमाश्या किती आल्या ते, आणि मग ते वाक्य, दोनदा. घाणीवर बसणाऱ्या माश्यांचा मोहराला काहीही उपयोग नसून. "हिच्याच मुलीने लिहिलंय. आता बोला."

 सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या चपलांकडे. एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते मी बोलले नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग ती स्टूल घेऊन आली, वर चढली, आणि स्वतःच्या हाताने एकेक पिशवी सोडायला लागली. गाठी पक्क्या होत्या. वेळ लागला. तेवढा वेळ सगळी चाळ उभी होती.

घरात आल्यावर ती मोरीत हात धूत राहिली. पाठ माझ्याकडे.

"मधमाशी कधी इल्ली गो?"

मी पंचा घेऊन तिच्या मागे उभी राहिले.

"एकच इल्ली ना? मीच तुका दाखवलंय ती."

"मॅडम म्हणाल्या..."

"माका काय कळता. तू शिकलंस." तिने पाणी बंद केलं. "पण मोजूक तर माका येता."

एवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. ओरडली असती, रडली असती तर मी निदान उलट बोलले असते. ती पूर्वीसारखीच डबा द्यायची, पूर्वीसारखीच केस ओढून वेणी घालायची. फक्त दारात बसून मोहराकडे बघत ती काही बोलायची नाही.

काकांनी वर आणखी एक केलं. कीटकनाशकवाल्यांना बोलावलं आणि ऐन मोहरात झाडाला धुराची मशीन लावली. पांढऱ्या धुरात झाड दिसेनासं झालं. संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर हिरव्या माश्या उताण्या पडलेल्या होत्या, हॅलिकॉप्टर होत्या, आणि मेणाच्या चिमुकल्या माश्या, पायांना पिवळे गोळे तसेच. आईने त्या केरसुणीने गोळा केल्या. मोहोर काळवंडून गळला. त्या चैत्रात चाळीत एकाही खोलीला कैरी गेली नाही, मावशींच्या बरण्या पालथ्या राहिल्या. आणि पावसाळ्यानंतर काकांनी अर्ज लिहिला: झाड पोकळ झाले आहे, फळ देत नाही, किडे होतात, तरी तोडण्यास परवानगी मिळावी. जागेवर गाड्या लावायच्या होत्या. अर्जाखाली खोलीखोलीच्या सह्या हव्या होत्या आणि सोबत जोडायला त्यांनी माझा सारांश ठेवला होता.

त्या दिवशी मला जो राग आला तो मी आधी कधी अनुभवला नव्हता. काकांचा, टॉवरचा, मॅडमचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी माझा स्वतःचा.  मी कॉलेजात गेले. मी तेव्हा तिसरं वर्ष संपवून एम.एस्सी.ला होते, इमारत तीच. मॅडमना सांगितलं की माझी दुसऱ्या वर्षाची वही चुकीची आहे, मी नाव बदलून लिहिलं, मला तसं लेखी द्यायचं आहे.

"तू पास झालीस ना?" मॅडम म्हणाल्या.

"हो."

"मग आता कशाला? वह्या रद्दीत गेल्या असतील गं."

"मॅडम, ती हिरवीच माशी होती."

"असेल," त्या म्हणाल्या आणि पुढची वही ओढली. असेल. इतकं सोपं होतं ते त्यांना.

कच्ची वही मात्र घरात होती. आईने ती माझ्या जुन्या पुस्तकांत नाही, देवाच्या फळीवर ठेवलेली होती. पानांना दोनतीन वाळलेले खवले चिकटले होते. मी ती घेतली आणि सह्यांसाठी लोक अंगणात जमले तेव्हा उभी राहिले.

"त्या कागदावरचं खोटं आहे," मी म्हटलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. "मी खोटं लिहिलं. मधमाश्या आल्याच नव्हत्या. आईने मोजलेल्या माश्या मी मधमाश्या म्हणून लिहिल्या. मार्कांसाठी."

काका हसले. "म्हणजे तेव्हा खोटं बोललीस. मग आता खरं बोलतेस कशावरून?"

अजूनही मला तो प्रश्न चुकीचा वाटत नाही. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक मोहोर द्या. मी काही तुरे मच्छरदाणीत बांधते, आत माशी जाणार नाही. शेजारचे तसेच उघडे. झाड एकच, पाणी एकच. तुम्हीच बघा कुठे आंबा धरतो. नाही धरला तर पहिली सही माझी." गेल्या चैत्रात फळ आलं नाही ते धुरामुळे की आंबा वर्षाआड येतो म्हणून, हे मला छातीठोक सांगता येत नव्हतं. तेही मी सांगितलं. सांगायला नको होतं असं बाबा नंतर म्हणाले.

"आणि पिशव्या?"

"पिशव्या पण बांधणार."

"टॉवरवाल्यांना काय सांगू मी?"

बाबा मागून पुढे आले. ते म्हणाले, "मी सांगेन. गेटवर मीच असतो."

कांबळे मावशींनी अर्जाचा कागद काकांच्या हातातून घेतला आणि घडी घालून आपल्या पर्समध्ये टाकला. "परब, पोरगी चारचौघांत उभं राहून मी खोटं लिहिलं म्हणते. तुमच्या-माझ्या आयुष्यात कितीदा म्हटलंय आपण असं? शिमग्यानंतर बघू या सह्यांचं."

त्या पौषात मोहोर पातळच होता. आईच्या जुन्याच पिशव्या धुऊन मी निम्म्या तुऱ्यांवर चढवल्या, निम्म्या तिने बाजारातलं भरून फांद्यांना बांधल्या. एकाच मच्छरदाणीचं कापड, काही माशी आणायला आणि काही माशी अडवायला. आमच्यात अजून कामापुरतंच बोलणं होतं. ती स्टुलावर, मी खाली धरून. सोमवारी सकाळी मी उलटी बादली घेऊन बसले, नवी वही उघडली, घड्याळ मांडलं. ती दारात तांदूळ निवडत होती. मी एका तुऱ्यावर नजर लावली. माश्या येत होत्या, मी लिहीत होते, काही निसटत होत्या. मागून काहीच आवाज येत नव्हता. दहा मिनिटं झाली, मग आणखी दहा. असं दोन आठवडे चाललं. मी तिला सांगायला सांगितलं नाही. तो हक्क मी घालवलेला होता.

शिमग्यापर्यंत जाळीतले तुरे सुकून काड्या झाले. एका तुऱ्यावर एक कैरी वाटाण्याएवढी झाली आणि पिवळी पडून जाळीतच गळली. शेजारच्या उघड्या तुऱ्यांवर कैऱ्या लोंबत होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. मी सगळ्यांना बोलावलं नाही. लोक आपणच यायचे, मान वर करून जाळी बघायचे, शेजारची फांदी बघायचे आणि निघून जायचे. काकाही एका सकाळी आले, बराच वेळ उभे राहिले, आणि "वास जरा कमी करा" एवढं बोलून गेले. चुकलं असं ते म्हणाले नाहीत. अर्ज मावशींच्या पर्समधून पुन्हा बाहेर आला नाही, त्याची आठवणही कुणी काढली नाही. चैत्रात आईने खोलीखोलीला कैऱ्या वाटल्या, काकांनाही तेवढ्याच. मला ते सहन झालं नव्हतं. मी म्हटलं, त्यांना कशाला? ती म्हणाली, "झाड काय त्येंका वेगळा धरला काय?" आणि टोपली उचलून गेली. तिचा राग कुठे जायचा मला कळत नाही. माझा अजून आहे. चाळीचं रीडेव्हलपमेंट अजून बोलण्यातच आहे आणि आंबा अजून उभा आहे, पण दर वर्षी मोहरात कुठे तरी धुराची मशीन वाजते तेव्हा माझ्या मुठी वळतात.

सांगायचं राहिलं ते त्याच पौषातलं आहे. तिसरा आठवडा असेल, गुरुवार. ऊन तुऱ्यावर आलं होतं आणि मी मान घालून मागची नोंद पुरी करत होते. दारातून सुपातले तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"हिरवी," आई म्हणाली. "तीन."

मी वर बघितलं नाही. लिहिलं.